सरकारवर विश्वास आहे म्हणजे नक्की काय आहे?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. छाटणी उरकली, पेस्ट लावून झाली, आता जरा हात मोकळा आहे म्हणून दोन वर्षं डोक्यात फिरणारी गोष्ट एकदाची लिहून टाकतो. लांबेल, सांभाळून घ्या.

जानेवारी 2024 आठवतोय का, हिट अँड रनच्या नवीन कलमावरून ट्रक-टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या होत्या तो. दोन तारखेला संध्याकाळी मी पंपावर रांगेत उभा होतो. गाडीत अर्धी टाकी पेट्रोल असताना. मोबाईलवर एकाखाली एक दोन मेसेज आलेले, वरचा प्रशासनाचा की साठा पुरेसा आहे गर्दी करू नका, खालचा कुणीतरी ढकललेला की आठ दिवस पेट्रोल विसरा. मी खालच्यावर विश्वास ठेवला. माझ्या पुढं एक आजोबा गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन घेऊन आलेले, झाकणाला तेल तसंच चिकटलेलं, पंपावरचं पोरगं सांगत होतं कॅनमध्ये देणार नाही आणि ते नुसतं हात जोडत होते. मी बीएस्सी ॲग्री झालेला माणूस. सरकारचा शिक्का असलेला मेसेज खोटा वाटला आणि कुठनं आला माहीत नाही असला मेसेज खरा वाटला, हे मला अजून पचलेलं नाही.

त्याच हंगामात दोन गोष्टी झाल्या. येमेनमधल्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारा द्राक्षाचा माल आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला, दोन आठवडे जास्त. भाडं वाढलं, मालाचं वय वाढलं. पण एक्सपोर्टरनं आधीच सांगितलं होतं की दादा असं असं आहे, रेट कमी धरून चाला. वाईट वाटलं, राग नाही आला. आणि त्याच्या थोडं आधी, डिसेंबर 2023 मध्ये, कांद्याची निर्यात रात्रीत बंद झाली. माझी सासुरवाडी खटावकडं, मेव्हण्याचा कांदा काढायला आलेला. सकाळी उठून बघतो तर लिलावात भाव कोसळलेला. शहरात कांदा महाग होतोय हे मला कळतं, तिथल्या बाईचं पण घर चालायला पाहिजे. पण आदल्या आठवड्यात कुणी काही बोललं नव्हतं ना. मेव्हणा तेव्हा जे बोलला ते अजून कानात आहे, "भाव गेला त्याचं नाही दाजी, मला कुणी हिशोबातच धरलं नाही."

आता प्रश्न. श्रीलंका 2022, बांगलादेश 2024, नेपाळ सप्टेंबर 2025. शेजारची तीन सरकारं लोकांनी रस्त्यावर येऊन घालवली. आपल्याकडं तसं काही नाही, लोक रांगा लावून मतदान करतात आणि निकाल लागला की घरी जातात. मग आपला सरकारवर विश्वास आहे असं म्हणायचं, का नुसती सवय आहे? आणि विश्वास नेमका कशानं तयार होतो? युद्ध, टॅरिफ, साथी हे काही आपल्या कुणाच्या हातात नाही, मग अशा काळात सरकारकडनं मागायचं तरी काय?

(राजकीय पक्षांची भांडणं इथं नकोत, हात जोडून विनंती.)


नागरिकशास्त्र_सातारा

दादा, चांगला प्रश्न काढलात. 31 वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, पेपरात चार मार्काला असतं म्हणून पोरं पाठ करायची आणि विसरायची.

तुम्ही ज्याला विश्वास म्हणताय त्यात दोन गोष्टी मिसळल्यात. एक अधिमान्यता. म्हणजे या सरकारला हुकूम द्यायचा हक्क आहे हे लोकांनी मनातनं मान्य केलेलं असणं, मग तो हुकूम आवडो न आवडो. दुसरा रोजचा भरवसा, म्हणजे हे सांगतायत ते खरं आहे आणि करतायत ते नीट करतील. मॅक्स वेबर नावाच्या जर्मन विद्वानाने पहिल्या गोष्टीचे तीन झरे सांगितले, परंपरा, एखाद्या माणसाचा करिष्मा, आणि कायदा-नियम. निवडणूक तिसऱ्यात येते. तुमच्या मेव्हण्याने बंदी मोडून कांदा चोरून बाहेर पाठवला का? नाही. म्हणजे पहिली गोष्ट शाबूत आहे. दुसरी गेली.

आणि दुसरी गेली की पहिली किती दिवस टिकते ते श्रीलंकेत बघा. गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबर 2019 मध्ये निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आले, रीतसर. एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली, एका फटक्यात सगळी शेती सेंद्रिय करायची म्हणून, आणि पिकं बसल्यावर नोव्हेंबरमध्ये माघार घेतली. त्यात आधी केलेली करकपात, कोविडमुळे थांबलेलं पर्यटन, कर्जाचे हप्ते. एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्ज फेडता येत नाही म्हणून जाहीर केलं आणि 9 जुलैला लोक राष्ट्रपती भवनात घुसले. तीन वर्षं पण झाली नव्हती हो. मतं खरी होती, कुणी म्हणत नाही खोटी होती. मतपेटीतनं मिळतं ते सुरुवातीचं भांडवल, पुढं ते रोज खर्च होत जातं आणि रोज भरावं लागतं.

आपल्याकडची शांतता सवय आहे का विश्वास, याचं उत्तर माझ्याकडे एका ओळीत नाही. पण सवय वाईट म्हणू नका. हरलेला माणूस निमूट घरी जातो ही फार कष्टानं लागलेली सवय आहे.


कृष्णाकाठ_सांगली

मी सांगलीतला, कृष्णेच्या जवळचाच, त्यामुळं मला हे सगळं महापुरातनंच कळतंय.

आमच्याकडं पावसाळ्यात कोण कोणाला भेटलं तर पहिलं वाक्य काय असतं, आयर्विन पुलाला किती झालं? पुलाच्या खांबावर फूट रंगवलेत, 40 ला इशारा आणि 45 ला धोका. कोयना धरणातनं किती क्युसेक सोडलं, अलमट्टी धरणातनं किती, ते फोनवर येतंच, पण लोक रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन पुलावर जाऊन आकडा बघतात आणि मग झोपतात. त्या आकड्यावर अख्ख्या गावाचा विश्वास आहे, का तर तो कुणी सांगत नाही, तो दिसतो. सरकारचा पण तोच आकडा आणि माझ्या डोळ्याला पण तोच.

आता 2019 चं ऐका. 2005 ला 53 फुटांच्या वर गेलेलं, ते पाणी कुठवर आलेलं त्याची खूण आमच्या घरात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. वडलांनी फ्रीज, गाद्या, माझ्या बहिणीची सगळी सर्टिफिकेटं त्या खुणेच्या दीड फूट वर ठेवली आणि म्हणाले झालं, आता काही होत नाही. पाणी 57 च्या पुढं गेलं. आम्ही माळ्यावर दोन रात्री काढल्या. सर्टिफिकेटं नंतर गच्चीत एकेक वाळत घातली, शाई पसरून निळे डाग झालेले, आई त्यावर इस्त्री फिरवत होती कापड ठेवून आणि बोलत काहीच नव्हती.

तेव्हा 2005 च्या वर जाऊ शकतं, घरं सोडा असं वेळेत आणि ठणकावून कुणी सांगितलं असतं तर वडील निघाले असते का? मला खरंच वाटतं निघाले असते. आकडा सगळे सांगत होते पण त्या आकड्याचा अर्थ, म्हणजे तुमच्या गल्लीत उद्या सकाळी किती पाणी असणार, हे कुणी सांगितलं नाही. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला गावच्या बोटीतनं लोक बाहेर पडत होते आणि ती उलटली, त्याच्यावर मी जास्त लिहू शकत नाही.

2021 ला पाणी 55 च्या आसपास आलं, म्हणजे कमी नव्हतंच, पण लोक आधी बाहेर पडले, जनावरं आधी हलवली. यावेळी लवकर सांगितलं आणि लोकांनी पण ऐकलं. तेव्हा माझं मत असं की वाईट बातमी लवकर सांगणारं सरकार लोकांना आवडतं. अडचण येते ती सगळं ठीक आहे, घाबरू नका असं उशिरापर्यंत सांगत राहणाऱ्याची. पंपाच्या रांगेत तुम्ही का उभे राहिलात? कारण "साठा पुरेसा आहे" हे वाक्य आपण साठा नसताना पण ऐकलंय. त्या मेसेजमध्ये जर लिहिलं असतं की अमुक पंपावर इतके लिटर आहेत, टँकर परवा सकाळी येणार, उद्या दुपारी काही पंप कोरडे पडतील, तर तुम्ही घरी गेला असता.


बालेकिल्ला_कुंडल

सगळे श्रीलंका नेपाळ करालेत, जरा आपल्या मातीतलं बघा की. हा बराचसा भाग तेव्हा एकच सातारा जिल्हा होता, दक्षिण सातारा 1949 ला वेगळा झाला आणि सांगली हे नाव 1960 ला आलं. त्याच जिल्ह्यात 1943 पासून 46 पर्यंत दोन सरकारं एकाच वेळी होती. एक इंग्रजांचं, त्याच्याकडं पोलीस, तुरुंग, कोर्ट, खजिना, सगळं कायद्यानं. दुसरं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, त्याच्याकडं काय होतं? तुफान सेनेची पोरं आणि लोकांची भाकरी. जी.डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही प्रतिसरकारची माणसं रात्री कुणाच्या घरी झोपायची ते अख्ख्या गावाला माहीत असायचं आणि इंग्रजाला कळायचं नाही. बक्षीस लावलेलं असून.

आमची आज्जी सांगायची, तिच्या माहेरी बांधाचं भांडण तालुक्याच्या कोर्टात सात वर्षं पडून होतं. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळापुढं रात्री कंदिलाच्या उजेडात बसून एका बैठकीत मिटलं. दोन्ही बाजू, पंच, आणि सगळं गाव ऐकायला. ज्याच्या विरोधात गेलं त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः दगड हलवला. आज्जी म्हणायची, "बांध कुणी हलवायचा ते ज्यानं हरलं त्यानंच ठरवलं."

तर द्राक्षबागवाले दादा, माझं माप एकच. लोक भांडण घेऊन कुठं जातात ते बघा, खरं सरकार तिथं असतंय. आज गावात पैशाचं लफडं झालं तर माणूस पोलीस स्टेशनला जातोय का कुठल्यातरी भाऊच्या ऑफिसला? जिथं भाऊच्या ऑफिसला जातोय तिथं सरकारची अधिमान्यता का काय म्हणता ती गेलीच म्हणून समजा, मतदान किती का होईना.


नागरिकशास्त्र_सातारा

@बालेकिल्ला, तुमच्या आजींचं शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं. प्रतिसरकारबद्दल मलाही तेवढाच अभिमान आहे, माझे चुलत आजोबा त्यात होते. पण एक बाजू राहिली ती सांगतो. पायाला पत्री (बैलाला ठोकतात तसली नाल) मारायची शिक्षा होती म्हणून लोक त्याला पत्री सरकार म्हणायला लागले असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्या निकालावर अपील नव्हतं. नाव सांगून लुटणारे भामटेही त्या काळात निघाले, त्यांचा बंदोबस्त याच लोकांना करावा लागला. परक्या राज्यात ते क्षम्य होतं. आपल्या राज्यात कंदिलाखाली एका रात्रीत न्याय नको. मला सात वर्षंही नकोत आणि एक रात्रही नको. हरलेल्याला वरच्या दारात जाता आलं पाहिजे, आणि तिथं तो मरायच्या आत निकाल लागला पाहिजे.

तुम्ही दोघं म्हणताय त्यात एक धागा मात्र सारखा आहे. खांबावरचा आकडा सगळ्यांना दिसतो आणि आजींच्या बांधाचा निकाल सगळ्या गावासमोर लागला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं मारकडवाडी आठवा. डिसेंबर 2024 मध्ये त्या गावानं यंत्रावरच्या निकालाची शंका घेऊन मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावून थांबवलं. असं गावानं गावापुरतं मतदान घेणं कायद्यात बसत नाही, थांबवणं बरोबरच होतं. मी स्वतः अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो, यंत्रावर माझा विश्वास आहे. पण त्या लोकांना वेडं म्हणायचं माझ्या जिवावर येतं. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी काचेमागं सात सेकंद दिसते आणि खाली पडते, पुढं एका विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घेतात. मी केंद्रावर असताना एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं होतं, "मास्तर, ती चिठ्ठी कुठं गेली?" मी त्यांना मशीन दाखवून सगळं समजावलं, दोन मिनिटं गेली, मागं रांग कुरकुरत होती. त्या समाधानानं गेल्या. एवढं दोन मिनिटांचं समजावणं सगळीकडे व्हायला पाहिजे होतं आणि शंका घेणाऱ्यावर आपण ओरडत बसलो.


गलाईवाल्याची_बहीण_विटा

मी सहसा वाचते, लिहीत नाही. पण नेपाळचा विषय निघाला म्हणून.

आमच्या खानापूर आटपाडी भागातले लोक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर आहेत हे इथं सगळ्यांना माहीत आहे, माझा मोठा भाऊ त्यासाठीच काठमांडूत असतो, 14 वर्षं झाली. 8 सप्टेंबरला आई दिवसभर फोन लावत होती. तिकडं चार तारखेपासून फेसबुक व्हॉट्सॲप सगळं बंद केलेलं सरकारनं, त्यामुळं साधा फोन लागला तर लागला. त्या एका दिवसात 19 जण गेले, बरीच कॉलेजची पोरं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, सिंहदरबारला, म्हणजे तिथल्या मंत्रालयाला, आग लागली. दादा शटर आतनं ओढून भट्टी विझवून बसला होता, सोबत बंगालचे दोन कारागीर, तिघांनी दोन दिवस चुरमुरे आणि शेंगदाण्यावर काढले.

दादा आल्यावर मी विचारलं की ॲप बंद केलं म्हणून एवढं? तो म्हणाला ॲप शेवटी आलं गं. पोरं आखातात मलेशियात राबून पैसे पाठवतायत आणि इकडं मंत्र्यांच्या पोरांचे परदेशातले फोटो, तेच तेच तीन नेते आलटून पालटून खुर्चीत, तक्रार कुठं करायची तर तेच लोक. म्हणजे मत द्यायला मिळत होतं, बदलत काही नव्हतं. आणि ओरडायची जी एक जागा होती ती पण बंद केली.

पण पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. एवढं जळलं आणि तीन दिवसांत त्याच पोरांनी कुणाचं नाव पुढं केलं, तर सुशीला कार्की, माजी सरन्यायाधीश, 73 वर्षांच्या बाई. 12 सप्टेंबरला शपथ झाली, 5 मार्च 2026 निवडणुकीची तारीख लागली. एखादा हिरो नाही निवडला त्यांनी, निवडली कोण तर भ्रष्टाचाराच्या केसमध्ये न घाबरता निकाल देणारी बाई. बांगलादेशात पण लोक ग्रामीण बँकवाले अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांच्याकडं गेले. म्हणजे सरकारवरचा विश्वास गेला तरी कुणावरच राहिला नाही असं होत नाही, कुठंतरी एखादा माणूस, एखादी संस्था स्वच्छ राहिलेली असते आणि देश तिथं जाऊन टेकतो. मला भीती त्याचीच वाटते की आपण रागाच्या भरात सगळ्यांनाच चोर म्हणतो, कोर्ट पण चोर, आयोग पण चोर, पेपरवाले पण चोर, मग वेळ आली तर टेकणार कुठं?


गावकामगार

मी सरकारी नोकर आहे, गाव तालुका सांगत नाही. वरच्या सगळ्यांना एक सांगायचंय, लोकांचं सरकार म्हणजे दिल्ली मुंबई नसते, माझं टेबल असतं. शेतकरी आयडी, ई-केवायसी, अनुदानाची यादी, सगळ्याला म्हातारी माणसं येतात, अंगठा उमटत नाही, कष्टानं बोटाच्या रेषा गेलेल्या असतात. सर्व्हर बंद असतो आणि शिव्या मला. दोन वर्षं मी पण "थांबा, येईल, बघतो" असंच म्हणत होतो. एक दिवस एक मावशी नऊ किलोमीटर चालत तिसऱ्यांदा आल्या आणि सर्व्हर बंद. रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या "बाळा आधी सांगितलं असतंस तर चप्पल झिजली नसती." लई लागलं.

तेव्हापासून सकाळी दहाला दारावर कागद लावतो. आज सर्व्हर बंद. उद्या 11 नंतर फोन करून या. खाली माझा नंबर. गावच्या ग्रुपवर त्याच कागदाचा फोटो टाकतो. सर्व्हर काही सुधारला नाही, भांडणं मात्र पार कमी झाली. उलट लोक फोन करून विचारतात आज कागद काय म्हणतोय.

आणि दुसरं, 2015 चा लोकसेवा हक्क कायदा कुणाला माहीतच नाही. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा, कोण देणार, नाही दिला तर पहिलं अपील कुणाकडं दुसरं कुणाकडं याचा बोर्ड प्रत्येक ऑफिसात लावायचा असतो. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 पासून 5000 रुपयांपर्यंत दंड आहे, त्याच्या वर पुन्हा आयोग आहे. मास्तर म्हणतात ते वरचं दार हेच. अर्ज दिला की पोच मागा, पोचवर तारीख मागा. माझ्याकडं पण मागा, मी रागावणार नाही.


द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचं दोनदा वाचलं. कृष्णाकाठ, ते इस्त्रीचं वाचून बायकोला पण वाचून दाखवलं.

मला आता माझा प्रश्न जरा बदलावा वाटतोय. अमेरिकेनं ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या बऱ्याचशा मालावर 50 टक्के टॅरिफ लावला, उद्या अजून कुठं काय पेटेल, ते सरकारनं थांबवावं असं मी म्हणत नाही. कांद्याची बंदी पण घालायचीच असेल तर घाला, पण असा एक खांब रंगवून ठेवा की बाजारात भाव इतका झाला की इशारा, इतका झाला की बंदी, आणि तो आकडा खटावच्या मेव्हण्याला पण दिसू दे आणि मुंबईच्या बाईला पण. मग तो लागवड करायच्या आधी बघेल. आयर्विनसारखं. हे होण्यासारखं आहे का कुणी सांगेल का, का मी भाबडेपणानं बोलतोय?

@गलाईवाल्याची बहीण, ताई भाऊ परत गेले का?


गलाईवाल्याची_बहीण_विटा

गेला दसरा करून. म्हणाला भट्टी पेटवली, गिऱ्हाईक कमी आहे पण आहे. समोरच्या चहावाल्याच्या पोरानं मतदार यादीत नाव घातलं म्हणे, पहिल्यांदाच मत देणार आहे.


नागरिकशास्त्र_सातारा

@द्राक्षबाग, भाबडं अजिबात नाही. व्यापारी आणि साठेबाज तो आकडा जवळ आला की माल दाबून ठेवतील हा त्यातला धोका आहे, त्याचा विचार करावा लागेल. पण निदान बंदी कधी उठणार याची अट तरी आधी छापता येते. तेव्हा बंदी मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती, ती पुढं ढकलली आणि मे 2024 मध्ये उठली, तीही 40 टक्के शुल्क ठेवून. बंदीपेक्षा ते ढकलणं मेव्हण्यांना जास्त लागलं असणार, विचारून बघा.


द्राक्षबाग_तासगाव

विचारलं सर. म्हणाला मार्चच्या भरवशावर त्यानं माल कांदाचाळीत साठवून ठेवला होता. निम्मा सडला.


बालेकिल्ला_कुंडल

@गावकामगार साहेब, आमच्या ग्रामपंचायतीत तो दिवसांचा बोर्ड नाही. ग्रामसभा 26 जानेवारीला आहे. विषय आधी लेखी द्यावा लागतो का तिथं उठून मांडला तर चालतंय?


गावकामगार

लेखी द्या, आठवडाभर आधी, आणि पोच घ्या. सभेत उठून पण बोला, पण इतिवृत्तात आलं का ते उठायच्या आधी वाचून बघा, मगच सही करा.